वैजूचा अर्ज मी लिहिला होता

वैजूला ज्या अर्जानं मारलं, तो मी लिहिला होता.

दरवर्षी आजच्या दिवशी मी त्याचा जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो टाकतो. तुम्ही लोक खाली हात जोडता. संपलं.

यंदा फोटो नाही. यंदा वाचा.

वैजनाथ मुडबी गावचा. बीदरच्या पॉलिटेक्निकमध्ये माझ्या वर्गात, शहराला लागून असलेल्या नौबादला माझ्याच खोलीत. डिप्लोमाचं शेवटचं अख्खं वर्ष कारखान्यात काढावं लागायचं. ऐंशीनंतरचे दिवस. टेलिफोन एक्स्चेंजचं सामान बनवणारी बेंगळूरची एक मोठी कंपनी नुकतीच नौबादला आलेली. तिथं आमच्या दोघांचा नंबर लागला तेव्हा वैजूच्या मायनं गावभर साखर वाटली.

नियम असा होता की दर तीन महिन्यांनी सेक्शन बदलायचं.

मला पहिल्यांदा टेस्टिंग मिळालं. एसी, नव्या मशिनी, पांढरा कोट. काय रुबाब होता म्हणून सांगू!

वैजूला वॉशिंग. सोल्डर केलेले बोर्ड एका मोठ्या टाकीत बुडवून धुवायचे. टाकीतल्या औषधाला गोडूस वास यायचा.

बाकी सगळीकडं बेंगळूरचे साहेब. वैजू मराठी शाळेत शिकलेला, त्याचं कन्नड बाजारापुरतं. त्यानं तोंड उघडलं की ते हसायचे. पोरगं पार कानकोंडं व्हायचं. वॉशिंगमध्ये मात्र सगळे आपले. फोरमन माणिकअप्पा भालकीचे, दिवसभर मराठी नाहीतर दखनी.

"घरी बसल्यावानी वाटायलंय बघ," वैजू म्हणायचा.

त्या शेडमध्ये माशी नव्हती.

ऐन आंब्याच्या दिवसांत, एक माशी नाही!

आम्ही येडे त्यालाच भुललो. दुपारी मीसुद्धा डबा घेऊन तिथंच जायचो. टाकीच्या कडेला गार लागायचं. माणिकअप्पा भाकरी मोडत म्हणायचे, "असली जागा सबंद कारखान्यात न्हाई."

भाकरी मोडताना त्यांचे हात थरथरायचे. आम्ही म्हणायचो, वय झालं अप्पांचं. वय किती? चाळीस असेल नसेल.

दोन महिन्यांनी वैजूला चहाचा वास येईना. शिफ्ट सुटली की रस्त्यानं उगाच हसत चालायचा.

"कामून हसायलास रे?"

"काय की. डोस्कं हलकं झालंय."

मीही हसलो.

तीन महिने भरत आले तसा तो माझ्या मागं लागला. "मला हितंच ऱ्हाऊ दे बाबा. तिकडं ते हसत्यात. तू कन्नडात अर्ज लिहून दे."

दिला लिहून. सुंदर लिहिला. माझं कन्नड अक्षर आजही लोक नावाजतात.

ट्रेनिंग ऑफिसरनी अर्ज दोनदा वाचला. मग वैजूकडं बघून, कन्नडातच, हळू आवाजात म्हणाले, "त्या शेडला तीन महिन्यांच्या वर कुणाला ठेवू नये म्हणतात. तू निघ तिथून. भाषेचं मी बघतो."

वैजूला निम्मं कळलं नाही. तो माझ्याकडं वळला.

"काय म्हणायलेत?"

"काई न्हाई. नक्की का, म्हणून इचारायलेत. व्हय म्हण."

तो व्हय म्हणाला. हसत म्हणाला.

सहाव्या महिन्यात डोळे पिवळे झाले. आपल्याकडं कावीळ म्हटलं की दवाखाना नाही, माळ. मुडबीत एका म्हाताऱ्यानं मंतरलेली माळ त्याच्या डोक्यावर ठेवली. ती लांबत लांबत गळ्यात उतरली की कावीळ उतरली. माळ उतरली, मायनं नारळ फोडला. तीन आठवडे गावची हवा खाऊन वैजू खरंच बरा दिसायला लागला.

अन् परत आला. त्याच टाकीवर.

तेव्हा तरी मी बोलायला पाहिजे होतं. स्टँडवर त्याला घ्यायला गेलो होतो, खोलीपर्यंत सोबत चालत आलो. आंब्याच्या लोणच्यावर बोललो.

नवव्या महिन्यात पुन्हा पिवळा झाला. यावेळी बीदरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय काम करायचा? मी म्हणालो, "ट्रेनिंगला होता." टाकीचं नाव काढलं नाही.

पाच दिवसांत गेला. एकवीस वर्षांचा होता हो!

मायनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. "तू संगं व्हतास म्हनून जीवाला आधार व्हता," म्हणाली. त्यानंतर दर संक्रांतीला तिनं मला तिळगूळ धाडला. मी खाल्ला.

माय यंदा उन्हाळ्यात गेली. ती असेपर्यंत माझी जीभ रेटली नाही.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते सांगतो.

नोटीस बोर्डावर पुढच्या तीन महिन्यांची यादी लागली होती. वैजू टेस्टिंगला. अन् त्याच्या जागी, टाकीवर, मी.

यादी मी वाचली होती. अर्ज लिहायच्या आधी वाचली होती.

मला पांढरा कोट सोडायचा नव्हता. वर्षभर टेस्टिंगला राहिलो, तिथंच पर्मनंट झालो, तिथूनच रिटायर झालो. लेकरं शिकली, घर झालं. सगळं त्याच्या जागेवर.

शकूअक्का, वैजूची बहीण म्हणून तुम्ही मला दरवर्षी राखी बांधता. माझी पोस्ट तुम्ही पहिली वाचता हे मला ठाऊक आहे. उद्या सकाळच्या बसनं मुडबीला येतोय. दारात उभा राहीन. आत घ्यायचं का हाकलायचं, तुम्ही ठरवा.

वैजू, तुला श्रद्धांजली वाहायचं तोंड मला नाही. नमस्कार तेवढा घे.