दौऱ्याचे हातमोजे

जिल्हा मुंबई राज्यात गेला, कचेऱ्यांवरच्या पाट्या मराठीत आल्या, पण भूम तालुक्यात जनावरांच्या डॉक्टरला लोक निजामाच्या वेळेसारखंच सलोत्री म्हणायचे. तो सलोत्री मी. खात्यानं एक जुनी फटफटी दिली होती आणि तिच्यासोबत अख्खा तालुका गळ्यात मारला होता. पौषात सकाळी निघालं की हात असे गोठायचे की गावात पोचल्यावर कोटाची गुंडी सुटत नसे. त्यात माझा धंदा सगळा बोटांचा. अडलेल्या गाईच्या पोटात वासराचा पाय कुठला आणि मान कुठली, हे बोटांनीच ओळखायचं. बोटं मेली की डॉक्टर मेला. जीव विटला होता नुसता.

बायकोनं लोकरीचे हातमोजे विणून दिले. मायेचे होते, पण वारा आरपार जायचा, आणि वाटेवरच्या बाभळींनी आठवड्यात त्यांची चाळण केली. मग सोलापूरच्या जुन्या बाजारातून लष्करी कातडी जोड आणला. काटा लागेना, वारा लागेना, पण बोटंही वळेनात! एकदा वळणावर बैलगाडी आडवी आली आणि ब्रेक दाबेपर्यंत मी रस्त्याकडेच्या चारीत, फटफटी माझ्यावर. गाडीवान वरून म्हणतो, "सलोत्रीसाब, आता तुमाला बघायला कोन आनायचा?" मला काडीचंही हसू आलं नाही.

शेवटी भूमच्या बाजारातल्या म्हाताऱ्या मोच्यापुढं दोन्ही हात पसरले. म्हणालो, "मामा, तळव्याला पातळ ठेवा, पाठीला जाड. शिवण बाहेरून घ्या, आतली टोचते. आणि मनगटावर चार बोटं वर चढवा, बाहीत वारा शिरतो."

"रेडकाचं कातडं आलंय," तो म्हणाला. "मीठ-तुरटी लावून वाळवलंय. केसासकट शिवतो बगा, ऊब ऱ्हाईल."

मोज्यांना वास यायचा, बायको ते दाराबाहेर टांगायला लावायची. येईना का! पहिल्या दिवशी घातले आणि भर रस्त्यात फटफटी थांबवून हातांकडं बघत बसलो. बोटं वळत होती आणि गरम होती.

त्याच आठवड्यात ईट गावी एका म्हातारीकडं जायचं होतं, आणि मला जाववत नव्हतं. गावातले सगळेच तिला चाची म्हणायचे, मीही म्हणायचो. तिच्या म्हशीचं रेडकू मेलं होतं आणि म्हैस पान्हवत नव्हती. अशा वेळी रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढं उभं करतात. ती चाटते आणि दूध सोडते. पण चाची सुनेपाशी बसलेली असताना गड्यानं मेलेलं रेडकू ओढून नेलं आणि कातडं भूमच्या बाजारात गेलं. सून बाळंतपणापासून अंथरुणाला, अंगावर दूध नाही. दोन महिन्यांचा नातू त्या म्हशीच्या जिवावर. मागच्या खेपेला मी सुई टोचली तर एक वेळ दूध आलं. आता तीही औषधं संपली होती. काय तोंड घेऊन जायचं?

गेलो. दुपार कलली होती. आत पोरगं रडत होतं, तेही रडून रडून दमलेलं. मीही दमलेलोच. मोजे काढायचाही कंटाळा आला. तसाच म्हशीच्या कपाळावर हात ठेवला.

तिनं हात हुंगला. पुन्हा हुंगला. मग खरखरीत जिभेनं मोज्याची पाठ चाटायला लागली आणि घशातल्या घशात अशी हुंकारली की माझ्या अंगावर काटा आला.

"या अल्ला!" चाची चरवी घेऊन खाली बसली. "डाक्टरसाब, हात हलवू नका!"

चरवीत धार वाजायला लागली. माझ्या उजव्या मोज्यावर एक पांढरा डाग होता. मला तो तुरटीचा वाटायचा. चाचीनं मान वर करून तो पाहिला. "आमच्या रेडकाच्या कपाळावर असाच चांद व्हता," ती म्हणाली आणि धार काढत राहिली.

दूध घरात गेलं. थोड्या वेळानं रडणं थांबलं. खरं सांगतो, मला ते मोजे द्यायचे नव्हते. इतक्या हिवाळ्यांनी हातांना सुख लागलं होतं आणि सगळा पौष पुढं पडला होता. चाचीला ते दिसलं असणार.

"घिऊन जावा," ती म्हणाली. "थंडी लई हाय. तुमचे हात चालले तर दहा गावची जनावरं जगत्याल. आमचं बघू काय तर."

"काय बघणार आहात? गप बसा, चाची!" मी खेकसलो. राग तिच्यावर नव्हता. उजवा मोजा काढून दावणीशी ठेवला. मग ध्यानात आलं, म्हैस चाटून चाटून त्याच्या चिंध्या करणार. डावाही काढला. "हा फाटला की तो द्या तिच्यापुढं. वाळवून ठेवा, ओला राहिला तर कुजेल."

परतीच्या वाटेवर वारा समोरून होता. घरी पोचलो तेव्हा कडी वाजवायला बोटं वळेनात, दार पायानंच ठोठावलं. बायकोनं माझे निळे पडलेले हात पाहिले आणि कपाळाला हात लावला. "अहो, मोजे कुठं? हरवलेत न्हवं? जीव खाल्लात की माझा त्या मोज्यांपायी!"

"हरवले नाहीत," मी म्हणालो. "ज्याचं कातडं होतं, त्याच्या आईला देऊन आलो."