ताटातला हात

आमच्या वसतिगृहाच्या खाणावळीत सुनंदाने लाडाने सविताच्या ताटातला पापड उचलला आणि सविताने स्टीलचा पेला तिच्या कपाळावर हाणला. रक्त आमटीत ठिबकलं.

"सामान बांध!" रेक्टरबाई ओरडल्या.

सविता बालगृहात वाढलेली. अठरा वर्षं पूर्ण झाल्याने तिथे परत जाता येणार नव्हतं. इथून काढलं की कॉलेजही संपलं.

घरात पहिल्यांदा कॉलेज पाहणारी म्हणून मी स्वतःला फार सोसलेली समजायचे. पण माझ्या ताटात हात यायचा तो आईचा, आग्रहाने वाढणारा. सविताच्या ताटात बालगृहातल्या मोठ्या मुलींचा यायचा, ओरबाडून नेणारा.

"राहू द्या बाई," सुनंदा ओढणीने कपाळ दाबत म्हणाली. "आपण मैत्रिणीचं विचारून कुठं घेतो? हिला काय ठाऊक!"

रेक्टरबाई पुन्हा सामानाचं बोलल्या नाहीत. सविता मात्र दोन्ही हातांनी डोकं झाकून परतीच्या फटक्याची वाट बघत उभी राहिली.