जागेवर बसलेली वाटी

पलूसचा रसूल कल्हईवाला भांड्यात उभा राहिला, की बायका हातातलं काम टाकून बघत राहायच्या. मोठ्या पातेल्यात राख-वाळू टाकायची, गोणपाटावर पाय रोवायचे आणि तांबं उघडं पडेस्तोवर कमरेतून डावी-उजवी गिरकी घेत राहायची. हीच त्याची भाकरी. आणि ह्याच गिरकीत त्याच्या उजव्या गुडघ्याची वाटी सटकायची. तो भांड्यातच कोसळायचा, ओठ चावत तळहातानं वाटी आत ढकलायचा.

शहात्तर साली सांगलीच्या डॉक्टरांनी गुडघा उघडून वाटी मधोमध बसवली. प्लास्टर काढताना बजावलं, "आता रोज गुडघा वाकवायचा. दुखलं तरी वाकवायचा."

पण रसूलचा सगळा जीव त्या वाटीत अडकलेला. शेजारचा गुंडाआबा मेंढरांचे मोडके पाय बांधायचा, माणसांचीही हाडं बसवायचा. तो म्हणाला, "खुळा का काय तू? बसलेलं हाड कुणी हलवतं व्हय रं?"

"आवं, डाक्टर वाकवा म्हणलाय," रसूलची बायको मेहरुनबी काकुळतीला आली.

"डाक्टरला कुठं भांड्यात उभं ऱ्हायाचंय?" रसूल म्हणाला.

गुंडाआबानं बांबूच्या कामट्या लावून पाय ताठ बांधला. सगळा पावसाळा रसूलनं तो पाय तान्ह्या लेकरासारखा जपला.

लग्नसराई आली, कामट्या सोडल्या. गावातल्या मनुबाईच्या दारात कल्हईची भट्टी पेटली. काठावर हात टेकून, ताठ पाय ओढून घेत रसूल पातेल्यात उतरला. अंगाला हिसका दिला. वाटी तसूभर हलली नाही. त्याचं तोंड उजळलं. मग दुसरा हिसका दिला, तिसरा दिला. गुडघाही हलेना.

"आरं, कल्हई करतूस का मेढीगत उभा ऱ्हातूस?" मनुबाई हसली.

रसूल हसला नाही. "वाटी लय झ्याक बसलीया," एवढंच पुटपुटला.

मेहरुनबीनं भट्टीचा भाता ओढायचा थांबवला. पदर खोचला, नवऱ्याला बाहेर घेतलं आणि त्याच्याच खांद्याला धरून आत उतरली. आजवर ह्या घरातली बाई कधी भांड्यात उभी राहिली नव्हती. ती अडखळत फिरू लागली. खालून खरखर उठली.

रसूल ताठ पाय पसरून भात्याशी बसला. हळूहळू तांबं लालसर उजळत गेलं. त्यानं मान वर केली नाही.