सासरे बसने, आम्ही जीपने: कमानपाट्यांच्या शोधात भालकी ते अफजलपूर

आमच्या घरात गाडी चालवणारी मी एकटीच. नवरा, म्हणजे संजय, तालुका कचेरीत कामाला आहे आणि आपल्याला सायकलच्या पुढे काही झेपत नाही हे तो स्वतःच हसत सांगतो. मला शिकवलं सासऱ्यांनी. मी त्यांना मामा म्हणते. त्यांनी तीस वर्षं सरकारी बस चालवली, भालकी-उदगीर आणि भालकी-लातूर. तीन वर्षांपूर्वी मी जुनी फोर बाय फोर जीप घेतली, तेव्हा पहिल्या दिवशी शेजारी तेच बसले होते.

मग मी शहाणपणा केला. रात्रंदिवस व्हिडिओ बघून पुण्याहून चार इंच उंच करणारा किट मागवला, वर मोठे टायर चढवले. जीप काय दिसायची म्हणून सांगू. उसाचे ट्रॅक्टरवालेसुद्धा न सांगता बाजूला व्हायचे. सप्टेंबरात मामांना घेऊन निघाले असताना हुमनाबादच्या अलीकडे एका पुलाच्या सांध्यावर चाक आदळलं आणि स्टिअरिंग हातात थडाथडा उडायला लागलं. वेग सत्तरचा. ऑफ-रोडवाले याला डेथ वॉबल म्हणतात, यावरून काय ते समजा. मी ब्रेक न मारता पाय काढून घेतला, गाडी आपोआप मंदावू दिली आणि कडेला लावली. मामा उतरले, पिशवी उचलली, मागून येणाऱ्या बसला हात केला आणि गेले.

त्यानंतर तीन महिने ते माझ्या गाडीत बसले नाहीत. बाजाराला रिक्षा, दवाखान्याला बस. मला ते फार लागलं. ज्यानं शिकवलं त्याचाच आपल्या हातावर भरवसा राहिला नाही, तर गाडी दारात ठेवून तरी काय करायचं? डिसेंबरात मी शिकवते त्या शाळेला जोडून तीन सुट्ट्या आल्या तेव्हा मी जाहीर केलं की बीदर आणि कलबुर्गी पालथं घालायचं, चांगले पार्ट बघून स्टिअरिंगचं दुखणं काढायचं. तरीही मामा बसले नाहीत, तर जीप विकायची.

मामा सुपारी कातरत म्हणाले, "म्या बी येतो. कसलं सामान घालायलाव ते बघाया पायजे."

मी खूश. तेवढ्यात पुढचं वाक्य आलं. "तुमी जीपनं चला. म्या बसनं येतो."

दिवस पहिला: भालकी, बीदर, कलबुर्गी

सकाळी चुरमुऱ्यांचा सुसला आणि चहा पोटात टाकून निघालो. भालकी ते बीदर तासाभराचा रस्ता, पण हा हंगाम उसाचा. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यातून ऊस बाहेर लोंबलेला. मी पन्नासच्या वर गेले नाही. संजय छताजवळची कडी धरून पूर्ण वेळ बसला होता आणि आपण घाबरलो नाही असं मधूनमधून सांगत होता.

बीदरला पार्टच्या दुकानाशी पोचलो, तर मामा समोरच्या टपरीवर दुसरा चहा घेत होते.

"कामून उशीर?" त्यांनी विचारलं.

दुकानदार मोठा गोडबोल्या. जीपभोवती एक फेरी मारून त्यानं निदान करून टाकलं. स्टिअरिंग डॅम्पर लावा, अक्का, विषय संपला. डॅम्पर म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याला आडवा जोडायचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर. चाकाचा धक्का तो पिऊन टाकतो. त्याच्याकडचा लालभडक होता. खरं सांगते, मी रंगाला भुलले. साडेचार हजार मोजले आणि तासाभरात तो लागलासुद्धा.

बीदरचा किल्ला उन्हं चढायच्या आत बघून घ्या, आम्ही दुपारी गेलो आणि भाजून निघालो. तिथून हुमनाबादमार्गे कलबुर्गी. त्या पुलाचा सांधा आला तेव्हा मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. चाक आदळलं, स्टिअरिंग जरासं थरथरलं आणि गप झालं. मी मोठ्यानं हसले, संजयनं कडी सोडली.

कलबुर्गीला बसस्टँडजवळच्या लॉजवर मामा आधीच पोचले होते. (खोली नऊशे रुपये, गरम पाणी सकाळी आठपर्यंत.) मी म्हटलं, "मामा, गेलं सगळं. उद्या तुम्ही जीपनं चला."

"बघू की," असं म्हणून ते जेवायला उठले. ज्वारीची कडक भाकरी, भरली वांगी, वर शेंगाची चटणी. पण मला जेवण गेलं नाही. डॅम्परवर त्यांचा विश्वास नव्हता की माझ्यावर, ते कळत नव्हतं.

दिवस दुसरा: खाजाभाईंचं दुकान

सकाळी मामांनीच पत्ता काढला. त्यांच्या बसच्या जमान्यातले कमानपाट्यांचे मिस्त्री, खाजाभाई. कमानपाटे म्हणजे ज्या पोलादी पट्ट्यांच्या थरावर गाडी तोललेली असते ते. दुकान म्हणजे एक भट्टी, एक ऐरण आणि भिंतीला टेकवलेले शेकडो पाटे. मामा रिक्षानं गेले, आम्ही जीपनं.

खाजाभाईंनी पहिलं काम काय केलं असेल, तर माझा लाल डॅम्पर काढून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "अब चलाव, अक्का."

पुढच्या गल्लीत खड्ड्यातून चाक गेलं आणि चाळीसच्या वेगाला स्टिअरिंग पुन्हा नाचायला लागलं. मी तोंड पाडून परत आले.

"इसकू डॅम्पर नक्को," खाजाभाई म्हणाले. "उससे हिलना छुपता, जाता नै."

जीप घेणाऱ्या प्रत्येकानं ही पुढची तपासणी शिकून ठेवावी. चाकं जमिनीवरच ठेवायची. एकानं आत बसून स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं हलवत राहायचं. दुसऱ्यानं खाली जाऊन स्टिअरिंगच्या दांड्यांच्या एकेका जोडावर बोटं ठेवायची. जिथं आधी दांडा हलतो आणि चाक मागून हलतं, तो जोड झिजलेला. मी आत बसले. खाजाभाई गाडीखाली शिरले. आणि मामा, वय वर्षं एकाहत्तर, धोतर खोचून त्यांच्या शेजारी आडवे झाले.

"हलीव," खालून मामांचा आवाज आला. मी हलवलं. "आणिक हलीव. हां, हितं खेळायलंय."

डाव्या बाजूचा टाय रॉड एंड, म्हणजे दांड्याच्या टोकाचा जोड, गेला होता, उजवा जायच्या वाटेवर होता. पण खरं दुखणं वेगळं होतं. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो म्हणून हात सोडले तरी ती सरळ जाते. जीपच्या पुढच्या चाकांचंही तसंच. माझ्या चार इंची किटमुळे एक्सल, म्हणजे चाकांना जोडणारा आस, फिरून तो कल जवळजवळ संपला होता, वर स्टिअरिंगचा दांडा इतका तिरका झाला होता की प्रत्येक खड्डा तो ओढून घेत होता. हा सायकलचा धडा मी दरवर्षी वर्गात शिकवते. भर दुकानात मला स्वतःची लाज वाटली.

खाजाभाईंनी दोन वाटा सांगितल्या. चार इंच ठेवायचे, तर स्टिअरिंगचा दांडा ओढणारा लोखंडी हातही बदलावा लागेल, सामान हैदराबादहून येईल. नाहीतर दोन इंचाचे मऊ पाटे, कल परत आणायला एक्सल आणि पाट्यांच्या मधे लोखंडी पाचर, आणि दोन्ही बाजूंचे टाय रॉड एंड नवे.

"जाते किधर तुम?" त्यांनी विचारलं.

मी डोंगर, नद्या, वाळवंट असं काहीबाही सांगणार होते. संजय शेजारी उभा होता, त्यामुळे खोटं बोलता येईना. "शाळेत," मी म्हटलं. "आणि शेतात. पावसाळ्यात काळ्या मातीतून."

"तो दो बहुत."

मी दहा मिनिटं विचार केला. मला ती उंची मनापासून आवडायची. तिथून रस्ता वेगळाच दिसायचा. मामांकडे बघितलं, तर ते मुद्दाम भट्टीकडे बघत उभे होते. काय निवडायचं हे त्यांनी माझ्यावर सोडलं होतं. मी दोन इंच म्हटलं. सगळं मिळून एकोणीस हजार झाले. काम संध्याकाळपर्यंत चाललं, आणि दुपारी खाजाभाईंच्या घरून आलेल्या तहारीच्या भातावर आम्ही तिघांनी ताव मारला.

दिवस तिसरा: अफजलपूर

चाचणीसाठी मी भीमेकाठचा कच्चा रस्ता निवडला होता. मामा सकाळच्या बसनं अफजलपूरला पुढे गेले. दुतर्फा तूर वाळायला आलेली, नदी जवळ आली तसा ऊस सुरू झाला. डांबरावर साठ, सत्तर, ऐंशी. काही नाही. मग बैलगाडीच्या चाकोऱ्या, पाण्याच्या पाटाचे उंचवटे, वाळलेल्या चिखलाची ढेकळं. जीप हलत होती, स्टिअरिंग मात्र गप्प. मी एक हात सोडून बघितला आणि संजयनं तो उचलून परत जागेवर ठेवला.

बसस्टँडवर मामा बाकावर बसले होते. कलबुर्गीची बस समोर लागलेली होती. मी काच खाली केली. बस सुरू झाली, मागे झाली, वळून निघून गेली. मामा उठले. संजय न सांगता मागे जाऊन बसला.

कलबुर्गी मागे पडल्यावर मामा समोर बघत म्हणाले, "त्या दिशी म्या घाबरलो व्हतो, वैशाली."

मी वेग जरा कमी केला.

"तीस वरसं ब्रेक माझ्या पायाखाली व्हता. त्या दिशी पाय दाबला, तर खाली नुसता पत्रा. तू न्हाई घाबरलीस. बरूबर पाय काढलीस. तुला माझं त्वांड दिसू नये म्हणून उतरलो."

"मग तीन महिने, मामा?"

"पुन्यांदा कसं बसावं त्येच कळना. सून म्हणंल, आता कसं बसायलाव?" मग ते म्हणाले, "आता जोड हातानं बघितलाय. बसाया हरकत न्हाई."

मला रडू आलं आणि हसूही. तीन महिने मी स्वतःच्या हातांना दोष देत होते. तो पुलाचा सांधा आला आणि गेला, मामांनी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

घरी

उंची दोन इंच गेली. ट्रॅक्टरवाले पुन्हा पहिल्यासारखे आडवे यायला लागलेत. तुम्ही किट घेणार असाल तर आधी आपला रस्ता ठरवा, मग उंची. आणि पार्ट निवडायला जाताना घरातल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला घेऊन जा, बसनं आला तरी चालेल.

काल शाळेतून आले, तर मामा ओसरीवर फोनवर बोलत होते. पलीकडे चिंताकी गावची त्यांची बहीण असावी. येत्या रविवारी आम्ही तिच्याकडे जाणार आहोत हे मला तिथंच कळलं. मी चप्पल हातात घेऊन दारातच थांबले.

"न्हाई गं, बसनं कामून? आमच्या गाडीनं यायलाव," मामा सांगत होते. "व्हय, सूनच चालविती. म्याच शिकविलंय की तिला."