खाट तीन की तीन सीसी

तापीकाठच्या एका खासगी दवाखान्यात मी नर्सचं काम शिकायला लागले, त्याला जेमतेम दीड महिना झाला होता. ऑपरेशनच्या खोलीतून डॉक्टर चिठ्ठी पाठवत. तिच्यावर औषधाच्या नावानंतर आधी खाटेचा आकडा असे आणि मग किती सीसी द्यायचं ते. मी तशीच वाचायची, तसंच द्यायची. विचारायची छाती नव्हती. डॉक्टर फार तापट.

त्या दुपारी चिठ्ठी आली: ‘गुंगीचं इंजेक्शन, ३’. एकच आकडा. मला वाटलं, खाट तीन. किती द्यायचं ते लिहिलंच नव्हतं. सकाळपासून सगळ्यांना दोन सीसीच दिलं होतं, म्हणून मी दोन भरलं.

तीन नंबरच्या खाटेवर पाचेक वर्षांची पोर होती. ताप उतरून ती उठून बसली होती, आईच्या बांगड्यांशी खेळत होती. मी तिचा दंड पुसला, तशी आई म्हणाली, “बाई, मन्ही पोर ते बरी शे. आते सुई कसाले?”

माझा हात थांबला. खरंच, कशाला? सुई तशीच धरून मी ऑपरेशनच्या खोलीकडे धावत गेले. दारातूनच ओरडले, “डॉक्टर साहेब, हे तीन नंबरच्या पोरीलाच ना?”

“कुठली पोरगी?” ते वळले. “आत्ता बैलगाडीतून आणलेल्या माणसाला, पाय मोडलाय त्याचा. तीन सीसी!”

त्या माणसाला अजून खाटच मिळाली नव्हती, तो ओट्यावर विव्हळत पडला होता. माझ्या हातातली सुई पाहून डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. ते ओरडले नाहीत, याचीच मला जास्त भीती वाटली. “तू देऊ नको,” एवढंच म्हणाले आणि स्वतः सुई द्यायला उठले.

पुढचे कितीतरी दिवस सुई भरताना माझे दात वाजायचे. पोरगी दोन दिवसांनी आईच्या कडेवर घरी गेली. त्या बाईला मी काहीच सांगितलं नाही. धीरच झाला नाही.

आठवड्याभरात पुन्हा एक अर्धवट चिठ्ठी आली. मी ती परत पाठवली. डॉक्टर आतून खेकसले, “एवढंही कळत नाही?”

“नाही कळत,” मी म्हणाले. दोन्ही आकडे येईपर्यंत मी बाटलीला हात लावला नाही.