आयची हाक

फुप्फुस कापलेली माझी आय माझ्या लाजेपायी तीन-तीन मजले चढायची.

आज तिची पुण्यतिथी. इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं.

आम्ही वर्सोव्याचे कोळी. आय अंधेरीच्या एका सोसायटीत मासळीची पाटी घेऊन जायची. खाली उभं राहून एक हाक दिली की चारही बिल्डिंगच्या बायका ताटं घेऊन उतरायच्या.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आधी मांडीत कॅन्सरची गाठ निघाली, ती काढली. दोन वर्षांनी एक्स-रेमध्ये डाव्या फुप्फुसावर डाग दिसले. कॅन्सर तिथवर पोचला होता. डॉक्टर म्हणाले, डाग दोनच आहेत, तेवढा भाग कापून काढू.

आयने एकच विचारलं, "हाक मारता येल ना?"

डॉक्टर म्हणाले, आधी बऱ्या व्हा.

बरी झाली. पण हाकेला दम पुरेना. अर्ध्यावरच खोकला यायचा.

मी तेव्हा अकरावीत. रविवारी पाटी उचलायला सोबत जायचे. आय म्हणायची, तू हाक मार.

पण तिथेच माझी कॉलेजची मैत्रीण राहायची. तिला मी सांगून ठेवलं होतं की आमचा एक्सपोर्टचा बिझनेस आहे. हाक दिली असती तर वाटच लागली असती.

मी गप्प उभी राहायचे. आय रागवायची नाही. कठडा धरून वर चढायची, दारोदार बेल वाजवायची. लिफ्ट कुठली तेव्हा!

एका रविवारी ती तिसऱ्या मजल्यावर पायरीवरच बसली. धाप लागली होती. अजून दोन बिल्डिंगा बाकी, आणि ही उठायला बघतेय.

मला माझीच शिसारी आली. तिला तिथेच बसवलं, खाली उतरले आणि जीव खाऊन ओरडले.

"म्हावरं घ्या गो, म्हावरं!"

खिडक्या उघडल्या. मैत्रीणही खिडकीत आली. आली तर आली.

वर गेले तर आय म्हणाली, "शेवट लांबव. तोडतेस कशाला?"

पुढे दीड वर्ष हाक माझी, पाटीवर आय. मग उजव्या फुप्फुसातही डाग आले. या वेळी ऑपरेशन होणार नाही म्हणाले.

शेवटी शेवटी तिने मला घरातच हाक मारायला लावली. मी उशाशी बसून एकेक नाव घेत गेले. पापलेट, सुरमई, कोलंबी. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं, झोप लागली.

"बोंबील ऱ्हायले," आय म्हणाली.

त्यानंतर ती काही बोलली नाही.

आय, त्या आधीच्या रविवारांची माफी मी कधी मागितलीच नाही. आज मागते.

फार आठवण येते गो.

तुझ्या लेकीचा नमस्कार.