शेवाळेबाई आणि भोवरे

तिचं आडनाव शेवाळे नव्हतं. पण मत्स्यबीज केंद्राच्या शेवाळाच्या खोलीत एकोणीस वर्षं काढल्यावर सगळे तिला शेवाळेबाई म्हणायला लागले. एका नव्या कारकुनाने तर हजेरीपटावरही तसंच लिहून टाकलं. ते दुरुस्त करून घ्यायला तिला आठ महिने लागले आणि तोवर तिने नाद सोडला होता. कोणी शेवाळेबाई म्हटलं की ती ओ द्यायची.

तिचं शेवाळ खडकावरून पाय घसरवणारं नव्हतं. गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात सुट्या सुट्या पेशींनी वाढणारं होतं, इतकं बारीक की डोळ्यांना नुसता पाण्याचा हिरवा रंग दिसावा. आधी बोटाएवढी काचेची नळी, मग चंबू, मग मोठी बरणी आणि शेवटी कमरेएवढ्या टाक्या. विरजण लावावं तसं एकातलं दुसऱ्यात. हे शेवाळ खाऊन रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव वाढत. ते गरगर फिरतात म्हणून कामगार त्यांना भोवरे म्हणत. माशांची नुकती जन्मलेली पिल्लं पहिले काही दिवस हे भोवरे खाऊनच जगत. म्हणजे शेवाळ बिघडलं की भोवरे उपाशी आणि भोवरे उपाशी की पिल्लं गेली.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग मालकांचा मेहुणा आला.

मेहुणा वाईट नव्हता, फक्त उत्साही होता. त्याने कुठेतरी वाचलं होतं की समुद्री शेवाळात अँटिऑक्सिडंट भरपूर असतात आणि त्याची पूड गोळ्यावाले, क्रीमवाले हातोहात घेतात. बाईला ते नवीन नव्हतं. चांगल्या शेवाळावर वाढलेली पिल्लं का काटक निघतात, हे ती रोज बघत होती. पण मेहुण्याने पूड करायचं भलंमोठं वाळवणी यंत्र आणलं, ते ठेवायला जागा हवी म्हणून भोवऱ्यांच्या टाक्या उचलल्या आणि थेट तिच्या खोलीबाहेरच्या बोळात आणून लावल्या.

"इथे नको," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "भोवऱ्यांच्या टाकीत हवेचे बुडबुडे सोडलेले असतात. त्यांचे शिंतोडे उडतात. एक थेंब माझ्या बरणीत गेला तरी ते आत शिरून सगळं शेवाळ फस्त करतील."

"बाई, मध्ये दार आहे ना?"

"दार दिवसातून चाळीस वेळा उघडतं."

"मग एकोणचाळीस वेळा उघडा," मेहुणा हसत म्हणाला आणि यंत्राच्या वायरी बघायला गेला.

नवव्या दिवशी एका बरणीचा रंग उतरला. आदल्या संध्याकाळी दाट हिरवी होती, सकाळी हात धुतलेल्या पाण्यासारखी फिकी. तिने थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. भोवरे मजेत फिरत होते, पोटं हिरवीगार. तिने बरणी ओतून दिली, सगळं उकळलं, हात कोपरापर्यंत धुतले, नवी लावली. पाच दिवसांत तीही गेली. मग दोन टाक्या एकदम.

तिने मेहुण्याला हाताला धरून आणलं नाही एवढंच. "बघा," ती म्हणाली.

त्याने एक डोळा मिटून भिंगात पाहिलं. "अरे वा! छान पोहतात की."

मालक आले ते चष्मा विसरून. खाली वाकले, वर उठले, म्हणाले, "मला आपलं धुकं दिसतंय. बाई, इतकी वर्षं असं झालं नाही. आताच कसं होतं? हल्ली तुमचं लक्ष कुठे असतं?"

हे वाक्य तिला झोंबलं. घरी ती भांडी आदळत होती. मोठी जाऊ नेमकी त्याच दिवशी क्रीमची डबी दाखवायला आलेली. "अगं, यात समुद्री शेवाळाचा अर्क आहे म्हणे. खरंच तोंड उजळतं का गं?"

"वहिनी, माझे हात एकोणीस वर्षं त्यातच आहेत. बघा, उजळलेत का?"

जाऊ हिरमुसून गेली. नवरा, जो एरवी वर्तमानपत्रातून मान वर काढत नसे, तो म्हणाला, "तिच्यावर कशाला काढतेस? सोड ती नोकरी, एवढं डोक्यात जात असेल तर."

"आणि त्या नळ्यांना कोण सांभाळणार? तुम्ही?"

तो पुन्हा वर्तमानपत्रात गेला.

दुसऱ्या दिवशी तिने तीन उथळ काचेच्या वाट्या घेतल्या, तिन्हींत एकाच चंबूतलं स्वच्छ शेवाळ ओतलं. एक दाराशी ठेवली, एक खोलीच्या मध्यावर, एक पार टोकाच्या कपाटात काच लावून. प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी. तिसऱ्या दिवशी दाराशी असलेल्या वाटीत सतरा भोवरे सापडले, मधल्या वाटीत दोन, कपाटातल्या वाटीत एकही नाही. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तिने तो मालकांच्या टेबलावर ठेवला. दोन दिवसांनी तोच कागद तिला पाण्याच्या तांब्याखाली दिसला, अक्षरं पसरलेली.

त्याच आठवड्यात पिल्लांची अख्खी तुकडी गेली. सकाळी टाकीच्या तळाशी पांढरट थर होता, रबरी नळीने ओढून काढावा लागला. नळी तिनेच धरली होती. सगळे तिच्याकडे बघत होते.

मग कुठे मालकांनी बाहेरून माशांच्या डॉक्टरांना बोलावलं. ते आले, बोळातून चालत गेले, भोवऱ्यांच्या टाकीशी थांबले आणि दाराकडे बोट दाखवून म्हणाले, "हे इथे कोणी ठेवलं? शिंतोडे उडून सगळं शेवाळ नासणार. आजच हलवा."

मालकांनी कपाळावर हात मारला. "बघा, डॉक्टर लोकांच्या एका नजरेत येतं!"

"साहेब, हेच मी दीड महिना सांगतेय," ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला, त्याचाही तिला राग आला.

"सांगितलं असेल, पण नीट सांगितलं नाहीत."

डॉक्टर अवघडून घड्याळाकडे बघू लागले.

टाक्या दुपारीच हलल्या. पण तोवर तिच्याकडे स्वच्छ अशी एकच नळी उरली होती. "किती दिवस लागतील?" मालकांनी विचारलं. एकवीस, ती म्हणाली. "जरा जोर लावून?" पेशीला जोर लावता येत नाही, हे तिने दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा पाठ फिरवून.

एकविसाव्या दिवशी पहिली टाकी गडद हिरवी झाली आणि मेहुणा बादली घेऊन दारात उभा. पूड घेणाऱ्यांना द्यायचा नमुना थांबलाय म्हणे. तिने वाट अडवली. तो मालकांकडे गेला, मालक आले आणि दोघांकडे आळीपाळीने बघून म्हणाले, "निम्मं निम्मं करा ना."

"करते," ती म्हणाली. "पण मग परवा जन्मलेल्या नव्या तुकडीतली पिल्लंही निम्मीच जगतील. कुठली निम्मी, ते आताच टाकीशी चला आणि बोट दाखवा."

मालक गेले नाहीत. म्हणाले, "आधी माशांना द्या." मेहुणा बादली आपटून गेला. पुढच्या महिन्यात दुसरी टाकी तयार झाल्यावर तिने त्याचा नमुना स्वतः भरून दिला, गच्च, काठोकाठ. तिचं भांडण पुडीशी नव्हतंच.

ती तुकडी बरी जगली. वर्षअखेरीला केंद्राचं माहितीपत्रक छापून आलं. पहिल्याच पानावर तिच्या बरण्यांपुढे मेहुणा उभा होता, अंगात तिचा पांढरा डगला, बाह्या मनगटापासून वीतभर वर. नवरा ते बघून पोट धरून हसला. तिला हसू आलं नाही. तिने पान उलटून मागे बघितलं, पुढे बघितलं, खोलीत काम कोण करतं ते कुठेच नव्हतं. मग तिने पत्रक टेबलावर टाकलं, डबा पिशवीत भरला आणि कामाला निघाली. सहावा चंबू आज मोठ्या बरणीत ओतायचा होता.